बदामी की फिकट केशरी? पुठ्ठ्यावर लावून बघा

भिंतीच्या रंगांचे नमुने दाखवणाऱ्या शेडकार्डावर बदामी आणि फिकट केशरी जुळे भाऊ वाटतात. चारही भिंतींना लागले की फरक कळतो, शिवाय रंग कार्डापेक्षा गडद भासतो, कारण भिंती एकमेकींवर रंग फेकतात. दोन्हींचे लहान डबे आणा. दोन फुटी पांढऱ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारा आणि रात्रभर वाळू द्या. ओल्या रंगावरून ठरवू नका. मग पुठ्ठे भिंतीभिंतीला टेकवून सकाळी, भर दुपारी आणि लाइट लावल्यावर बघा. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या एलईडीत असे रंग मळकट वाटतात, २७०० केल्विनच्या पिवळ्या उजेडात तेच खुलतात. म्हणजे आधी बल्ब ठरवा.

पश्चिमेच्या खिडकीतून आपल्याकडचं वैशाखातलं ऊन आलं की केशरी भिंत पेटल्यासारखी दिसते, तिथे मी बदामीच घेईन. कवेलूच्या (कौलारू) घरात उजेड दारातूनच येतो, तिथे दोन्हींतला फिकट बरा. लाल फरशीची झाकही भिंतीवर चढते, म्हणून एकदा पुठ्ठा खाली जमिनीलगत धरा. (कापूस भरायची खोली असेल तर एवढी चिकित्सा कशाला?) पसंत पडलेल्या रंगाचा शेड नंबर लिहून ठेवा आणि सगळे डबे एकाच बॅचचे घ्या.