मराठी शाळेची ऑर्डर हातात पडली असेल तर

कर्नाटकातल्या खानापूर, बेळगाव किंवा निपाणी तालुक्यातल्या एखाद्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत तुम्ही रुजू होणार असाल, तर डी.एड.ला शिकलेलं सगळं जवळ असू द्या, पुढे लागेल. पहिल्या आठवड्यात मात्र ते कुणी विचारणार नाही. विचारतील ते असं: पट किती? दूध पावडर किती शिल्लक? एसएटीएसवर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या सरकारी संगणक प्रणालीवर, हजेरी चढवली का? आणि हे सगळं कन्नडमधून. परिपत्रकं कन्नडमध्ये येतात, सीआरपींचा, म्हणजे आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या समन्वयकांचा, व्हॉट्सअॅप ग्रुप कन्नडमध्ये चालतो, प्रशिक्षणातही बहुतेक बोलणं कन्नडमध्येच होतं. दहावीनंतर ज्यांनी कन्नडला हात लावलेला नाही त्यांनी निदान भराभर वाचता येईल एवढी तयारी करून यावं. बोलणं चार महिन्यांत गाव शिकवतं, वाचणं आपलं आपल्यालाच करावं लागतं.

मी खानापूरच्या पश्चिमेला, पावसाच्या पट्ट्यात बरीच वर्षं शिकवते आहे. तेव्हा माझं सांगणं लहान शाळेचं आहे. दोन-तीन शिक्षक, त्यातला एखादा अतिथी शिक्षक, वर्ग पाच किंवा सात, आणि सकाळी आठला गावच्या फाट्यावर येऊन थांबणारी इंग्रजी माध्यमाची पिवळी गाडी. ती गाडी रोज बघितली की आपलं काम काय आहे ते कळतं. आपण वर्गात कितीही चांगलं शिकवलं आणि ते गावाला कळलं नाही, तर गावाच्या लेखी शाळेत काही चालतच नाही. पालक पहिलीचा निर्णय एप्रिल-मे महिन्यात घेतात, आणि त्या वेळी शाळा बंद असते. शाळा १० एप्रिलच्या सुमारास संपते, मेच्या अखेरीला पुन्हा उघडते. म्हणजे वर्षभरात शाळेत काय घडलं हे मार्चपर्यंत घरोघरी पोचलेलं असलं पाहिजे. शाळेची बातमी गावात जाणं हा शिकवण्याचाच भाग आहे असं मी मानते. काही सहकारी याला जाहिरात म्हणतात. म्हणू देत.

पहिली ते तिसरी तुमच्याकडे आली तर नली-कली समजून घ्या. म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात १९९० च्या दशकात शिक्षकांनी मिळून ही पद्धत उभी केली आणि २००९-१० पासून ती राज्यभर आली. तिन्ही इयत्तांची मुलं एका खोलीत, गोल करून जमिनीवर बसतात. शिकायच्या गोष्टींची एक शिडी असते, तिच्या पायरीपायरीला कार्डं असतात, आणि प्रत्येक मूल आपल्या गतीने पुढे सरकतं. मुलांचे पाच गट पडतात. एका टोकाला पूर्णपणे शिक्षकाच्या मदतीने शिकणारा गट, दुसऱ्या टोकाला स्वतःचं स्वतः करणारा, मध्ये मित्रांच्या मदतीने शिकणारे. डोक्यावर तारा ताणलेल्या असतात, त्याला चप्पर म्हणतात, त्यावर मुलांची चित्रं आणि लिखाण लटकतं. भिंतीवर मुलाच्या उंचीला प्रत्येकाच्या वाटणीचा काळा चौकोन रंगवलेला असतो. पहिलीतलं पोर पहिल्या दिवशी आपला चौकोन ओळखतं आणि दुसऱ्याने त्यावर रेघ ओढली की रडतं. इतकं हक्काचं सरकारी शाळेत दुसरं काही त्याला मिळालेलं नसतं.

अडचण अशी की बाहेरून बघणाऱ्याला हा वर्ग गोंधळ वाटतो. रांगा नाहीत, बाकं नाहीत, बाई समोर उभ्या नाहीत. ‘नुसती खेळुलागल्यात पोरं’ हे वाक्य तुम्ही पारावर हमखास ऐकाल. त्यावर वाद घालू नका, आयांना बोलवा. मी एका शनिवारी पाच-सहा जणींना सकाळची शाळा भरल्यावर आत बसवते, पोरांच्याच शेजारी. आपला मुलगा कोणत्या पायरीवर आहे हे तो स्वतः बोट ठेवून दाखवतो, मग पुढचं कार्ड काढून वाचतो. ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही तिलाही शिडी कळते. परतताना पाणवठ्यावर, बसथांब्यावर ती जे बोलते त्याला पत्रकाची सर नाही.

आता बातमीचा तास. बहुतेक शाळांत प्रार्थनेनंतर एक मूल पेपरातले मथळे वाचतं, बाकीची पेंगतात. दिल्लीत काय झालं याचं त्यांना काही नसतं. मथळा एकच ठेवा, आणि त्यानंतर दोन बातम्या मुलांच्या स्वतःच्या घ्या. गावात कालपासून आजपर्यंत जे घडलं ते. अट एवढीच, की ऐकणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे आणि सांगणाऱ्याने उत्तर द्यायचं.

चौथीतली एक मुलगी उभी राहिली. ‘आमच्या म्हशीला पारडी झालीय.’

‘कवा?’ पाचवीतून प्रश्न आला.

‘रातच्याला.’

‘तू बघितलीस काय?’

‘न्हाई. आज्जीनं सांगितलं.’

मग फळ्यावर बातमी अशी लिहिली गेली: काल रात्री अमक्यांच्या म्हशीला पारडी झाली, असे त्यांच्या आजीने सांगितले. ‘असे आजीने सांगितले’ हा शेपूट मुलांनीच जोडला. कोणी, काय, कुठे, केव्हा, कशावरून हे पाच प्रश्न मी तक्त्यावर लिहून टांगले असते तर महिनाभर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. दुसऱ्या दिवशी त्याच मुलीला विचारलं गेलं, पारडी उभी राहिली का, दूध किती. बातमीचा पाठपुरावा हा असा सुरू होतो.

ही रोजची बातमी शाळेच्या आत न ठेवता फाटकाजवळच्या फळ्यावर लिहा, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल अशी. सहावी-सातवीची मुलं असतील तर खाली दोन ओळी कन्नडमध्ये त्यांनाच लिहू द्या. कन्नडच्या तासाला आपोआप काम मिळतं, आणि गावात आलेल्या कन्नड अधिकाऱ्यालाही फळा वाचता येतो. कन्नडमधल्या चुका मुलं एकमेकांच्या काढतात, मराठीतल्या मात्र गाव काढतं. आमच्या फळ्यावर ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की रोज दूध घालायला जाणारे एक आजोबा सायकल थांबवून हाक मारतात. मला त्याचा राग येत नाही, फळा वाचला जातोय याची ती पावती आहे. एक पथ्य पाळा. भांडण, आजारपण, दारू, कर्ज असल्या घरातल्या गोष्टी मूल निरागसपणे सांगून जातं. त्या ऐकून घ्या, फळ्यावर नेऊ नका.

बेळगावात पेपर वाचायची सवय जुनी आहे. ‘तरुण भारत’ १९१९ साली बाबूराव ठाकूर यांनी इथेच सुरू केला, आणि आजही गावोगावच्या शाळांच्या बातम्या इथल्या मराठी पेपरांत छापून येतात. भागातल्या वार्ताहराची ओळख करून घ्या. पण बातमी लिहिताना साचा मोडा. दीपप्रज्वलन अमक्यांनी केलं, प्रतिमापूजन तमक्यांनी, प्रास्ताविक, सूत्रसंचालन, आभार. एवढं लिहीपर्यंत जागा संपते आणि ज्या पोरांनी काही केलं त्यांचा पत्ताच नसतो. पहिल्या दोन ओळींत मुलांनी काय केलं ते लिहा. कापायची वेळ आली तर उपसंपादक शेवट कापतो, सुरुवात नाही. शाळा सुधारणा समितीच्या अध्यक्षांचं नाव मात्र राहू द्या. गावात राहायचं आहे.

या पट्ट्यात उपक्रम शोधायला लागत नाहीत, पाऊस आणून देतो. जुलैत रोपलावणी सुरू झाली की वर्ग अर्धा रिकामा होतो. मोठी मुलं रोपांच्या पेंढ्या पोचवायला, लहानांना सांभाळायला घरीच असतात. हजेरीवरून ओरडण्यापेक्षा मी त्या आठवड्यात गणित शेतावर नेते: एका पेंढीत रोपं किती, एका वाफ्यात पेंढ्या किती. कणकुंबी, जांबोटीकडे पाऊस एवढा असतो की सुट्टीचा आदेश येतो तेव्हा मुलं भिजून शाळेत आलेली असतात.

पर्जन्यमापक मात्र प्रत्येक शाळेने करावाच. सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा नरसाळ्यासारखा तोंडावर बसवा. तळ उंचसखल असतो म्हणून आत थोडे खडे घाला, ते बुडेपर्यंत पाणी ओता आणि तिथे रेघ मारा. ही शून्याची रेघ. तिथून वर पट्टी चिकटवा. पाणी जेवढे मिलिमीटर चढलं तेवढे मिलिमीटर पाऊस. बाटली मोकळ्यावर ठेवायची, कौलांच्या पागोळ्या पडतील तिथे नाही. रोज सकाळी एकाच वेळी बघायची, पाणी पुन्हा शून्यावर आणायचं. आमच्याकडे जोराच्या पावसात दुपारपर्यंतच बाटली भरते, मग दोनदा मोजून बेरीज करावी लागते. पेपरात तालुक्यातल्या ठिकाणांचा पाऊस छापून येतो, त्याशेजारी मुलं आपला आकडा लिहितात. तफावत निघाली की चर्चा अशी रंगते की मला तास आवरता येत नाही. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते हे पुस्तकात एका ओळीत आहे. ज्या मुलांनी जूनपासून मिलिमीटर मोजलेत त्यांना डिसेंबरात तिथे नेलं की ती विचारतात, बाई, एवढं पाणी गेलं कुठं? तिथून पुढचा भूगोल शिकवायला सोपा जातो. खानापूरची माती, मडकी आणि कौलं हाही असाच विषय आहे. चिखल फुकट मिळतो आणि पोरांना तो आवडतो.

प्रतिभा कारंजी, म्हणजे सरकारतर्फे होणाऱ्या शालेय कलागुणांच्या स्पर्धा, त्यांबद्दल थोडं. केंद्र पातळीवर कन्नड शाळांची मुलं संख्येने जास्त असतात आणि आपली पोरं आधीच बुजतात. मराठी पाठांतर, कथाकथन यांत ती चांगली करतात, पण मी मुद्दाम दोघा-तिघांना कन्नडच्या स्पर्धेतही उतरवते. बक्षीस क्वचित मिळतं. परत येताना मात्र ती जीपमध्ये कन्नड गाणं म्हणतात, तेवढं पुरे. अध्ययनाच्या जत्रेसारखा कलिका हब्ब असतो, त्यात मोठ्याने वाचन, गणिती करामती, गोष्ट सांगणं असं असतं. त्याच्यासाठी वेगळी तयारी करायला लागू नये. बातमीचा फळा वर्षभर चालला असेल तर लागतही नाही.

१ नोव्हेंबर. शाळेत कर्नाटक राज्याच्या स्थापनेचा राज्योत्सव असतो, आणि गावात, हा मराठी भाग या राज्यात घातला म्हणून १९५६ पासून काळा दिन पाळणारी घरं असतात. नव्या माणसाने त्या दिवशी हुशारी दाखवू नये. परिपत्रकात आहे तेवढा कार्यक्रम नीटनेटका करा, आणि जे मूल आलं नाही त्याला दुसऱ्या दिवशी का आला नाहीस म्हणून विचारू नका. त्या दिवसाची बातमी फळ्यावर काय लिहायची हे मुख्याध्यापकांनी ठरवावं.

आहाराचं काम तुमचा वेळ खाणार, हे धरून चाला. दूध, नाचणीचं माल्ट, दुपारचं जेवण, अंडं. अंडं न खाणाऱ्याला केळं. ऑगस्ट २०१३ मध्ये शाळेत दूध देणारी क्षीरभाग्य योजना आली तेव्हापासून शाळेची सकाळ दुधाच्या पातेल्याभोवती सुरू होते. अंडं कोण खातो, कोण नाही याची यादी आधी पालकांना विचारून पक्की करा, म्हणजे कटकट टळते. रोजची हजर संख्या आणि ताटं यांचा हिशेब सातवीच्या मुलांकडून फळ्यावर मांडून घ्या, नोंदवहीत मात्र स्वतः लिहा.

अतिथी शिक्षक म्हणून येत असाल तर मानधन महिन्याच्या महिन्याला येईल असं गृहीत धरून खोली भाड्याने घेऊ नका. मराठी पुस्तकंही कधीकधी उशिरा पोचतात. गेल्या वर्षीची जुनी पुस्तकं मार्चमध्येच गोळा करून कपाटात ठेवणारी शाळा जूनमध्ये अडत नाही.

पालकांचा मेळावा घ्यायचा तर गणपतीत किंवा शिमग्याला घ्या. या भागातली निम्मी कमावती माणसं गोवा, पुणे, मुंबईला असतात आणि तेव्हाच गावी येतात. शाळेला टीव्ही, कुंपण, ताटं देणारे बहुतेक हेच असतात, आणि त्यांना भाषण नको असतं. आपला पुतण्या उभा राहून न अडखळता वाचतो की नाही ते त्यांना बघायचं असतं. तेव्हा एका मुलाला आठवड्याच्या बातम्या वाचायला लावा आणि गावकऱ्यांना प्रश्न विचारू द्या. गावाच्या ग्रुपवर फोटो टाकायचे तर पालकांना आधी विचारा, आणि मुलाचं पूर्ण नाव फोटोखाली लिहू नका.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अंगणवाडीची मुलं एक दिवस नली-कलीच्या वर्गात आणून बसवा, भिंतीवरचे चौकोन त्यांच्या हातात खडू देऊन दाखवा. त्याच आठवड्यात सातवीच्या पालकांना बोलावून पुढचं मराठी हायस्कूल कोणतं, बस किती वाजता आहे हे स्पष्ट सांगा. मुलींना जून २०२३ पासून शक्ती योजनेत साधी बस फुकट आहे, ओळखपत्र जवळ ठेवायला सांगा. मुलग्यांना पास काढावा लागतो. दाखल्यावरचं नाव, जन्मतारीख आणि आधारवरचं नाव जुळतं का ते तेव्हाच तपासा. जूनमध्ये चूक सापडली तर पालकांची रोजंदारी बुडते आणि तुमचे तालुक्याला हेलपाटे होतात.