मुंबई–नागपूर विमानाने: अंतर आणि वेळ घरच्या घरी कसा काढाल

ठाण्यातल्या आमच्या बुकिंग ऑफिसात रोज कुणीतरी विचारतं, "नागपूरला विमानानं किती वेळ लागतो हो?" मी आधी विचारते, घर कुठे आणि सोबत सामान किती. त्यावरच खरं उत्तर ठरतं.

पहिल्यांदा अंतर. सीएसएमटीहून नागपूर रेल्वेनं ८३७ किलोमीटर. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, आणि तोही सुरू होतो भिवंडीजवळच्या आमण्याला. विमानाचं सरळ अंतर याहून कमी, आणि ते वहीवर काढता येतं. फोनच्या नकाशात विमानतळावर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश दिसतात. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व, नागपूर २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व. अक्षांशांत फरक २ अंशांचा; अंशाला १११ किलोमीटर, म्हणजे २२२. रेखांशांत फरक ६.१८. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात, म्हणून आपल्या पट्ट्यात अंशाला १०४च धरायचे: ६४३. आता पायथागोरस लावा, उत्तर येतं ६८० किलोमीटर. देशातल्या जवळच्या शहरांसाठी ही रीत छान चालते. लंडनसाठी नाही, तिथे पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघावा.

वेळेसाठी माझा ठोकताळा: अंतराला ८०० नं भागायचं आणि अर्धा तास मिळवायचा. इथे ५१ अधिक ३०, म्हणजे १ तास २१ मिनिटं. तिकिटावर साधारण दीड तास दिसतो, कारण ती वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. विमानं रांगेत थांबतात, उतरताना वर घिरट्या घालतात. हे जमेस धरूनच वेळापत्रक आखलेलं असतं. म्हणून गर्दी नसली की विमान वेळेआधीही पोचतं. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे वारे जोरात असतात, तेव्हा नागपूरहून मुंबईला येताना जरा जास्त वेळ लागतो.

पण घरातून कधी निघायचं, हे कळायला उलटं मोजा. समजा विमान सकाळी ९ चं आहे. सामान घेणारा काउंटर साधारण ८ ला बंद होणार, म्हणून ७ ला टर्मिनलच्या दारात हवं. ठाण्याहून पहाटेही पाऊण-एक तास हाताशी ठेवा, म्हणजे ६ ला गाडीत. उतरणार साडेदहाला, पट्ट्यावरून बॅग मिळायला वीस मिनिटं, सोनेगावच्या विमानतळाहून शहरातल्या धरमपेठेत पोचेपर्यंत सव्वाअकरा वाजतात. दीड तासाच्या विमानाला सव्वापाच तास झाले!

म्हणून गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना मी आवर्जून विदर्भ एक्सप्रेसचा खालचा बर्थ सुचवते. संध्याकाळी बसायचं, सकाळी नागपूर. ना बेल्ट काढा, ना लांब चालणं. ज्यांना एका दिवसात काम उरकून परतायचंय, त्यांनी मात्र विमानच घ्यावं, आणि फक्त हातातली बॅग न्यावी. दोन्हीकडचा वेळ वाचतो.

तिकीट काढताना विमानतळाचा कोड नीट वाचा. बीओएम म्हणजे जुना विमानतळ, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. पनवेलकरांना दुसरा सोयीचा, बोरिवलीकरांना पहिला. बीओएम असेल तर टर्मिनल १ की २ हेही बघा, आणि आदल्या रात्री पुन्हा एकदा तपासा.