अक्षतांची वीस सेकंदं: लग्नाचे व्हिडिओ एन्कोड करायला शिकताना

२०१४ साली सांगलीत एका लग्नाच्या स्टुडिओत एडिटिंगला लागले, तेव्हा माझा समज होता की काम टाइमलाइनवरच संपतं. गाणी बसली, रंग जुळले, एक्स्पोर्ट केलं, पेन ड्राइव्ह दिला. पहिल्याच महिन्यात नवरीच्या आईचा फोन आला. "ताई, अंतरपाट सरकला आणि पोरीचं तोंडच दिसंना, नुसते चौकोन चौकोन." मी फाईल लावून पाहिली. हळद स्वच्छ, पंगती स्वच्छ, आणि अक्षता पडल्या तेवढ्या वीस सेकंदांत चित्राचा पार चिखल झालेला. त्या घराला अडीच तासांच्या फिल्ममधून सगळ्यात जास्त हवी होती ती हीच वीस सेकंदं.

मूळ फुटेज पुसलेलं नव्हतं म्हणून दुसऱ्या दिवशी नवी फाईल देता आली. पण असं का झालं ते मला कुणी नीट सांगितलं नव्हतं. तुम्ही या कामात नवे असाल तर सॉफ्टवेअरची बटणं पाठ करण्याआधी एवढं समजून घ्या.

एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान फाईल बनवणारं सॉफ्टवेअर, प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. मधूनमधून एक अख्खी फ्रेम ठेवतो आणि पुढच्या फ्रेममध्ये काय सरकलं, काय बदललं तेवढंच लिहितो. भटजी मंगलाष्टकं म्हणतायत, नवरा-नवरी पाटावर उभी आहेत, मागचा पडदा जागचा हलत नाही, तेव्हा लिहायला फारसं काही नसतं. अक्षता उडाल्या की शेकडो दाणे वाट्टेल त्या दिशेला जातात आणि आधीच्या फ्रेमचा काही उपयोग होत नाही. मी बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला किती डेटा वापरायचा तो आकडा, सेकंदाला ३ मेगाबिटवर बांधून ठेवला होता. उभ्या माणसांना तो पुरला, अक्षतांना पुरला नाही. मग एन्कोडरने बारकावे टाकून दिले आणि ठोकळे उरले.

बिटरेटचा हिशेब मात्र तोंडपाठ हवा. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदाला ८ मेगाबिट म्हणजे सेकंदाला १ मेगाबाइट, तासाला साधारण ३.६ जीबी. गिऱ्हाईक "लहान फाईल द्या" म्हणालं की मी हा हिशेब मनात करते आणि मगच हो म्हणते.

आता मी बिटरेट बांधत नाही, क्वालिटी बांधते. हँडब्रेकमध्ये त्याला 'कॉन्स्टंट क्वालिटी' म्हणतात, एफएफएमपेगमध्ये सीआरएफ. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. एक्स२६४ या एन्कोडरमध्ये हा आकडा ० ते ५१ असतो. लहान आकडा म्हणजे चांगलं चित्र आणि मोठी फाईल. काही न बदलता तो २३ असतो. ६ ने खाली आणला की फाईल साधारण दुप्पट होते. फुल एचडी लग्नाला मी १९ किंवा २० ठेवते. एन्कोडर मग अक्षतांना हवे तेवढे बिट देतो आणि मंगलाष्टकांत वाचवतो. एक्स२६५ मध्ये हाच आकडा न बदलता २८ असतो, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नका. फाईल अमुकच जीबीत बसली पाहिजे अशी सक्ती असेल तेव्हाच बिटरेट ठरवून टू-पास करा, म्हणजे एन्कोडर आधी एकदा पूर्ण फिल्म तपासतो आणि मग एन्कोड करतो.

प्रीसेट, म्हणजे एन्कोडिंगचा वेग, 'स्लो' ठेवा. ग्राफिक्स कार्डवरचं एन्कोडिंग पटकन होतं, पण तितक्याच चांगल्या चित्राला फाईल मोठी लागते. संध्याकाळी मशीन लावून घरी जायचं, सकाळी फाईल तयार असते. घाईपेक्षा मला ते परवडतं.

आणि चाचणी. पूर्ण फिल्म लावायच्या आधी त्यातलं सगळ्यात अवघड अर्धं मिनिट कापून तेवढंच एन्कोड करा. अक्षता घ्या, रिसेप्शनच्या स्टेजवरचा धूर घ्या, रात्रीची वरात घ्या. सुरुवातीला मी फिल्मची पहिली तीस सेकंदं तपासायचे. तिथे गणपतीचा फोटो आणि निमंत्रणपत्रिका असते, ती कुठल्याही सेटिंगला सुरेखच दिसते. वरातीत आणखी एक अडचण येते. कमी उजेडात कॅमेरा जे दाणे-दाणे उठवतो, ते एन्कोडरला हालचालीसारखेच वाटतात आणि त्यावर बिट खर्च होतात. तिथे आधी हलका डीनॉइज, म्हणजे हे दाणे पुसणारा फिल्टर, लावा. जास्त लावलात तर चेहरे मेणाचे दिसतील, शालूची जर पुसली जाईल. ती दिसेनाशी झाली की मी मागे येते.

घरच्या टीव्हीचा प्रश्न वेगळा. माझी एक फाईल कॉम्प्युटरवर देखणी चालत होती, गिऱ्हाइकाच्या टीव्हीवर नुसता आवाज आणि काळा पडदा. पाहुणे जमवून बसलेलं ते घर होतं. मी १० बिटची (रंगाच्या जास्त छटा साठवणारी) फाईल दिली होती आणि त्या टीव्हीला ती उलगडता येत नव्हती. एमपी४ किंवा एमकेव्ही हा नुसता डबा आहे. आतलं चित्र कोणत्या कोडेकमध्ये, म्हणजे दाबण्याच्या कोणत्या पद्धतीत, आहे त्यावर सगळं ठरतं. एच.२६४ (एक्स२६४ बनवतो ते) हे प्रमाण २००३ चं, एच.२६५ (एक्स२६५ बनवतो ते) हे २०१३ चं. नव्याची फाईल लहान होते, पण जुना टीव्ही ते ओळखत नाही. कुठला टीव्ही आहे हे माहीत नसेल तर एच.२६४, ८ बिट, ४:२:० (रंगाची माहिती कमी साठवणारी नेहमीची पद्धत), आवाज एएसी आणि डबा एमपी४ द्या.

डबाच तेवढा बदलायचा असेल तर पुन्हा एन्कोड करू नका. दर वेळी पुन्हा एन्कोड केलं की थोडं चित्र कायमचं जातं. एफएफएमपेगमध्ये 'कॉपी' सांगितलं की आतलं चित्र जसंच्या तसं नव्या डब्यात जातं आणि काम मिनिटा-दोन मिनिटांत होतं. हँडब्रेकला हे जमत नाही, तो चित्र दर वेळी नव्याने एन्कोड करतो.

पेन ड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाईल त्यावर बसत नाही. एक्सफॅट केला तर बसते, पण काही जुने टीव्ही तो वाचत नाहीत. मी हळद, लग्न, रिसेप्शन अशा वेगळ्या फाईल करते. घरच्यांनाही हवा तो भाग पटकन सापडतो.

जुन्या कॅसेटींवर मात्र थोडं थांबा. व्हीएचएसवरची लग्नं घेऊन लोक येतात, तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवते. आपल्याकडची ती टेप पाल पद्धतीची असते, ५७६ रेषा, सेकंदाला २५ फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्यांत विणलेली. तशीच एन्कोड केली तर हात हलला की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात. डीइंटरलेस करा, म्हणजे विणलेले अर्धे सोडवून अख्ख्या फ्रेम करा, आणि जमेल तिथे 'बॉब' निवडा, म्हणजे सेकंदाला ५० फ्रेम मिळतात आणि नऊवारीतल्या फुगडीची चाल मूळच्यासारखी राहते. दुसरं, चित्र ४:३ चं असतं. ते १६:९ मध्ये ताणलं की आजी-आजोबा रुंद होतात. ७२० बाय ५७६ चं चित्र चौरस पिक्सेलमध्ये ७६८ बाय ५७६ होतं. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्या. "फोर-के करून द्या" म्हणणाऱ्याला मी स्पष्ट सांगते, टेपवर जे उतरलंच नाही ते मोठं करून सापडणार नाही. त्याचे पैसे मी घेत नाही.

मोबाइलवरचं फुटेज घेतलंत तर त्याचा फ्रेमरेट चालताना बदलतो. एडिटमध्ये तासाभराने ओठ आणि आवाज जुळेनासे होतात. असं फुटेज टाइमलाइनवर घेण्याआधी हँडब्रेकमधून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' करून घ्या, क्वालिटी १६ च्या आसपास ठेवून.

परदेशातल्या नातेवाइकांसाठी यूट्यूब वापरलंत तर ते आपली फाईल पुन्हा दाबतंच, म्हणून तिथे नेहमीच्या प्रतीपेक्षा चांगली प्रत चढवा. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं की चित्राचा चोथा होतो. डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंतची फाईल जशीच्या तशी जाते.

कॅमेऱ्याची कार्डं मी लगेच पुसत नाही. पेन ड्राइव्ह देताना सांगते, "काकू, आज रात्री टीव्हीला लावा, अक्षतांपर्यंत पुढे न्या आणि मला फोन करा." तो फोन आला की मगच ती कार्डं पुढच्या लग्नाला जातात.