अलेक्झांड्रिया कसे पाहावे: गोमंतकीय प्रवाशांसाठी

कैरोहून रेल्वेने अलेक्झांड्रियास पोहोचल्यावर प्रथम समुद्रकाठच्या कैतबे किल्ल्याकडे जावे. पंधराव्या शतकात सुलतान कैतबेने तो प्राचीन दीपगृहाच्या जागी उभारला आणि भूकंपांनी ढासळलेल्या त्या दीपगृहाचे दगड बांधकामात वापरले. ओसाड पडलेल्या जुन्या गोव्यातील वास्तूंचे दगड पणजीकडे कसे गेले, हे जाणणाऱ्या गोमंतकीयाने येथील भिंती सावकाश निरखाव्यात.

पॉम्पीच्या स्तंभाला थोडा वेळ पुरतो. नाव रोमन सेनापती पॉम्पीचे असले, तरी तो रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या सन्मानार्थ उभारलेला आहे. वाचलेला वेळ कोम अल शुकाफा येथील भूमिगत दफनस्थळास द्यावा, कारण माझ्या मते शहराचा मिश्र स्वभाव येथेच सर्वांत स्पष्ट दिसतो. ज्या उभ्या विवरातून पूर्वी मृतदेह दोरांनी खाली उतरवत, त्याच्याभोवती वळत जाणाऱ्या जिन्याने खाली जावे. मुख्य कबरीत शिरल्यावर मागे वळून दाराच्या दोन्ही बाजू अवश्य पाहाव्यात: कोल्ह्याच्या मुखाचा इजिप्शियन देव अनुबिस तेथे रोमन सैनिकाच्या चिलखतात उभा आहे. खाली ओल असते, म्हणून न घसरणारी पादत्राणे घालावीत. २००२ साली उघडलेले नवे ग्रंथालय दुसऱ्या दिवसासाठी ठेवावे.