बालसंगोपनचा अर्ज ‘पालकत्वाचा कागद नाही’ म्हणून वापस येत असेल तर

बालसंगोपन म्हणजे आईबाप नसलेल्या, अडचणीतल्या पोरांना सांभाळायला सरकार महिन्याला पैसे देतं ती योजना. बहीण-भाऊजी गेल्यापासून भाचा आमच्याकडं, यवतमाळ जिल्ह्यात. सरपंचाचा दाखला जोडला, नोटरी केली. अर्ज तरी वापस. डोकं पिकलं.

जमलं ते असं. आधी दोघांचे मृत्यूचे दाखले, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, पोराचं आन् माझं आधार, आधार जोडलेलं बँकखातं. मग अर्ज थेट जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात. घरी चौकशीला आले, शेजाऱ्यांशीही बोलले (शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर घाबरतात). शेवटी पोराला घेऊन बाल कल्याण समितीपुढं (अशा पोरांच्या सांभाळाचा निर्णय घेणारी जिल्ह्याची सरकारी समिती). या योजनेसाठी कोर्टाचा कागद लागत नाही, समितीचा आदेश लागतो. महिन्याला २२५० रुपये, पोरगं १८ वर्षांचं होईपर्यंत. आदेशाच्या झेरॉक्सा काढून ठेवा, शाळेतही एक द्या.