उघाडीवरचा जिताडा : पन्नाशीत गळ हाती घेणाऱ्यांसाठी

पन्नाशी ओलांडल्यावर गळाने मासेमारी शिकण्याची हौस ज्याला येते, तो आधी दुकानात जातो आणि तिथेच फसतो. मीही फसलो. कार्यालयातल्या खुर्चीत तीस वर्षे काढल्यानंतर खिशात थोडे पैसे होते, मुले मार्गी लागली होती आणि रविवार मोकळे पडू लागले होते. त्या भरात मी तीन काठ्या, दोन रिळे आणि प्लॅस्टिकच्या रंगीबेरंगी माशांनी भरलेला डबा घेऊन आलो. त्यातली एक काठी आजही पिशवीतून बाहेर निघालेली नाही. पुढील सूचना पेण-अलिबागच्या खारेपाटाला, म्हणजे खाडीकाठच्या खारट भातजमिनीला, आणि धरमतरच्या खाडीला धरून आहेत, कारण मला नीट ठाऊक असलेले पाणी तेवढेच आहे.

पहिली सूचना अशी की काठी घेण्याआधी जागा धरावी, आणि निदान वर्षभर एकच जागा धरावी. खारेपाटात खाडीचे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून मातीचे बांध घातलेले असतात आणि त्या बांधांत जागोजागी उघाड्या, म्हणजे पाणी बाहेर सोडणारी झडपेची दारे, असतात. ओहोटीच्या वेळी शेताकडच्या पाण्याच्या रेट्याने उघाडीची झडप उघडते आणि भरती चढू लागली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटते. ओहोटीत आतले पाणी बाहेर पडताना त्याबरोबर कोलंबी आणि बोईची पिल्ले वाहत येतात, आणि जिताडा, म्हणजे खाडीतला मोठा शिकारी मासा, नेमका तिथे, दगडी भिंतीच्या आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून थांबतो. दबा धरून बसणारा हा मासा आहे; भक्ष्य टप्प्यात आले की तोंड एकदम उघडून पाण्यासकट ते आत ओढून घेतो आणि त्या वेळी ‘भप्’ असा आवाज होतो. काळोखात हा आवाज एकदा ऐकला की पुढच्या रविवारचे आमंत्रण नाकारण्याची सबब आपण आपोआप शोधू लागतो.

जागा धरताना गावातल्या माणसाला विचारूनच बांधावर पाय ठेवावा. काही उघाड्यांवरची मासेमारी गावाने कोणाला तरी दिलेली असते, आणि घरामागच्या तळ्यातला जिताडा तर कुटुंबाने वर्षानुवर्षे जपून वाढवलेला असतो. सरकारी काम अडले की साहेबाच्या घरी जिताडा पोहोचवावा, असे इकडे गमतीने सांगतात. अशा तळ्यात गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या तिजोरीत हात घालण्यासारखे आहे. मला पहिल्या हंगामात उपयोगी पडलेली गोष्ट बांधावरच्या एका वृद्ध शेतकऱ्याने सांगितली. मी सगळा जोर लावून गळ खाडीच्या मध्यावर भिरकावत होतो आणि ते मागे उभे राहून बराच वेळ पाहत होते. शेवटी त्यांनी विचारले की मासा तुमच्या पायाशी असताना तुम्ही गळ पलीकडच्या तीरावरच्या लोकांना कशासाठी देता. त्या दिवसापासून मी भिंतीपासून आठ-दहा हातांपलीकडे गळ टाकलेला नाही.

वेळ ठरवण्यासाठी तिथी पाहावी. कोकणात जुना हिशेब असा आहे की तिथीचा आकडा तीनने गुणून चाराने भागला की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, षष्ठीला साडेचार वाजता, अष्टमीला सहा वाजता. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब तोच. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पुरी होते आणि रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. हा हिशेब अंदाजाचा आहे, शिवाय खाडीत जितके आत जावे तितके पाणी उशिरा पोहोचते, म्हणून आपल्या उघाडीवर प्रत्यक्ष किती उशीर होतो हे चार-पाच खेपांत मोजून ठेवावे. माझ्या अनुभवात ओहोटीचे शेवटचे दोन तास आणि भरती सुरू झाल्यावरचा पहिला अर्धा तास हीच कामाची वेळ. बाकीच्या वेळात डबा उघडून जेवावे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाण्याला ओढ फार असते आणि दोऱ्याला वजन म्हणून लावलेले हलके शिसे जागेवर राहत नाही, तर अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत पाणी इतके सुस्त असते की उघाडी नीट वाहतही नाही. नवशिक्याने या दोहोंच्या मधल्या तिथी धराव्यात. हंगाम म्हणाल तर गणपतीनंतर दिवाळीपर्यंतचा काळ उत्तम, कारण शेतातले पाणी उतरत असते. थंडीत जिताडा मंदावतो.

आता साहित्य. सात-आठ फुटांची मध्यम ताठ काठी आणि साधे स्पिनिंग रीळ अडीच-तीन हजारांत मिळते आणि तेवढे पुरे होते. रिळावर ०.३५ मिलिमीटर जाडीचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, भरावा, आणि गळाच्या अलीकडचा दोन फूट तुकडा मात्र ०.५० किंवा त्याहून जाड तंगुसाचा असावा. याचे कारण असे की जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते आणि मासा डोके झटकू लागला की बारीक तंगूस त्या कडेवर क्षणात कापला जातो. माझे पहिले दोन मासे असेच गेले आणि दोन्ही वेळा मी दुकानदाराला दोष दिला. गळ १/० ते ३/० आकाराचा घ्यावा, शक्यतो सर्कल हुक (टोक आत वळलेला गोलसर गळ), म्हणजे तो माशाच्या पोटात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. पक्कडीने त्याच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून टाकला तर मासा सोडणे सोपे जाते, आणि चुकून आपल्याच बोटात शिरला तर बोट सोडवणेही.

गाठ घरी दिव्याखाली शिकावी. दोऱ्याचे टोक गळाच्या डोळ्यातून ओवून मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे द्यावेत, मग ते टोक डोळ्यालगतच्या छोट्या फासातून घालून पुन्हा नव्याने झालेल्या मोठ्या फासातून परत काढावे, थुंकीने ओले करावे आणि सावकाश ओढावे. कोरडी गाठ ओढली की घर्षणाने तंगूस तापतो आणि तिथेच कमजोर होतो. चाळिशीचा चष्मा लागलेल्यांनी आणखी एक करावे: आठ-दहा गळ जाड तुकड्यांना घरीच बांधून पुठ्ठ्यावर गुंडाळून न्यावेत. तिन्हीसांजेला, वाऱ्यात, टॉर्च दातांत धरून गळाचा डोळा शोधण्यासारखी मानहानी दुसरी नाही. रिळाचा ताण ठरवण्याचा सोपा उपाय म्हणजे दोन लिटरची भरलेली पाण्याची बाटली रिळातून निघणाऱ्या दोऱ्याला बांधून रीळ हाताने वर उचलणे. बाटली अधांतरी होताच दोरा किंचित सुटू लागला पाहिजे. त्याहून घट्ट असेल तर मोठा मासा दोरा तोडतो.

आमिष म्हणून जिवंत कोलंबी सर्वांत चांगली. गळ तिच्या शेपटीच्या शेवटच्या पेरांतून आडवा घालावा, म्हणजे ती बराच वेळ पोहत राहते. डोक्यातला काळा भाग मात्र टाळावा, तिथे गळ लागला की ती लगेच मरते. शिसे अगदी हलके ठेवावे आणि आमिष प्रवाहाबरोबर भिंतीच्या कडेने वाहू द्यावे. कोलंबी मिळाली नाही तर बोईचे बोटभर पिल्लू चालते. मासा लागला की काठीला हिसका देऊ नये. सर्कल हुक असेल तर दोरा ताणला जाईपर्यंत नुसते सावकाश गुंडाळावे, गळ आपोआप बसतो. जिताडा हवेत उडी घेतो, तेव्हा काठीचे टोक चटकन पाण्याकडे झुकवून दोऱ्याला क्षणभर ढील द्यावी आणि तो पाण्यात पडताच पुन्हा ताण घ्यावा. कार्यालयात वरिष्ठ भडकले की मी अगदी हेच करीत आलो होतो, त्यामुळे हा भाग मला फार लवकर जमला.

मासा हाती आल्यावर काय करायचे, हे आधीच ठरवलेले बरे. जिताडा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी, चांगला मोठा झाल्यावर, त्याची मादी होते. म्हणजे फोटोसाठी आपण ज्या मोठ्या माशाची वाट पाहतो ती बहुतेक वेळा लाखो अंडी घालणारी मादी असते, आणि अगदी लहान मासा ठेवला तर त्याला मादी होण्याची संधीच मिळत नाही. मी मधल्या आकाराचा एखादा घरी नेतो आणि बाकीचे सोडतो. सोडताना हात ओले करावेत, मासा पोटाखाली आधार देऊन आडवा धरावा, कल्ल्यांत बोटे घालू नयेत, आणि पाण्यात त्याचे तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतः शेपूट हलवून निघेपर्यंत थांबावे. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकारमान ठरवले. ते मुख्यतः मच्छीमार नौकांसाठी असले तरी काठीवर मोजपट्टी चिकटवून ठेवायला आपल्यालाही हरकत नसावी. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. जिताड्याला डावलल्याचे दुःख आमच्या बांधावर अजून शिळे झालेले नाही. १ जून ते ३१ जुलैची पावसाळी बंदी यांत्रिक नौकांपुरती आहे. तरीही ते दोन महिने मी गळ पिशवीत ठेवतो, कारण हाच जिताड्याच्या विणीचा काळ आहे आणि पावसातला निसरडा बांध माझ्या गुडघ्यांना मानवत नाही.

शरीराविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तरुणांसाठीच्या सूचनांत हे नसते. मधुमेह असेल तर खाडीत अनवाणी उतरू नये; कालवांच्या कडांनी झालेली बारीक जखम महिनाभर भरत नाही. चिखलात पाय मांडीपर्यंत रुतला तर ओढून काढण्याची धडपड न करता मागे रेलून बसावे, वजन पसरवावे आणि पाय हळूहळू फिरवत मोकळा करावा. अनोळखी चिखलात तर उतरूच नये. गळाला शिंगाळा लागला तर त्याच्या पाठीवरच्या आणि कल्ल्यांमागच्या काट्यांना हात लावू नये. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्याने ठणका कमी होतो. मग डॉक्टर गाठावा आणि धनुर्वाताची सुई घेतली आहे की नाही ते पाहावे. कार्बनची काठी विजेची वाहक असते, म्हणून परतीच्या पावसात गडगडाट सुरू होताच ती खाली ठेवून बांध सोडावा, आणि विजेच्या तारांखाली ती कधीही उभी धरू नये. घरी परतण्याची वेळ पत्नीला सांगून निघावे. मुंबई-गोवा महामार्गामुळे ती वेळ पाळता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

वाट पाहण्याच्या तासांत फोन बंद ठेवावा असे मी सांगणार होतो, पण मी स्वतः तो बंद ठेवत नाही. एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा मिळाल्याची बातमी मी उघाडीवरच वाचली आणि शेजारी जाळे विणत बसलेल्या तरुणाला वाचून दाखवली. त्याने विचारले की बांध कोण दुरुस्त करणार. प्रश्न रास्त होता. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून इकडच्या जमिनींबद्दल विचारणा करणाऱ्या गाड्या वाढल्या आहेत, आणि ज्याला शेत विकायचेच आहे तो बांधावर माती कशाला टाकेल? मी पहिल्यांदा धरलेली उघाडी अशीच गेली. एका उधाणात बांधाला खांड पडली, ती कोणी बुजवली नाही, खारे पाणी आत राहिले आणि आज त्या भातशेतीत माणसाच्या उंचीची तिवरे, म्हणजे खारफुटीची झाडे, आहेत. तिवरांच्या मुळांत बोईची पिल्ले भरपूर वाढतात, त्यामुळे माशांचे तसे वाईट झाले नाही. पण ज्यांचे भात गेले त्यांच्यापुढे हे बोलू नये. गळ अडकतो म्हणून तिवराची फांदी मात्र कधीही तोडू नये. तिवरांची नासधूस हा नागरिकांच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट म्हटले आहे.

घरी आल्यावर रीळ गोड्या पाण्याने हलक्या धारेखाली धुवावे, ताणाचा स्क्रू सैल करून ठेवावा आणि दोऱ्याचे शेवटचे दहा-बारा फूट बोटांतून फिरवून पाहावेत. खरखर लागली तर तेवढा तुकडा कापून टाकावा. मग झोपण्याआधी वही लिहावी. तिथी, भरतीची हिशेबाने आलेली वेळ आणि प्रत्यक्षातली वेळ, वारा, पाण्याचा रंग, आमिष, किती मासे लागले, किती सुटले. काहीही न मिळालेल्या दिवसाची नोंद टाळू नये, उलट ती अधिक नेमकी करावी, कारण आपल्या उघाडीवर भरती किती मिनिटे उशिरा येते आणि पाणी किती गढूळ झाले की जिताडा खात नाही, हे मला अशाच दिवसांनी सांगितले. गेल्या कृष्ण षष्ठीची माझी नोंद अशी आहे: पहाटे साडेचारची भरती उघाडीवर पाच वाजून वीस मिनिटांनी पोहोचली, वारा दक्षिणेचा, पाणी चहासारखे, सहा कोलंब्या वाया, मासा नाही, झडपेचे वरचे फळकूट कोणीतरी नवे बसवले आहे.