लघु-गुरू येणाऱ्यांनी लॅटिन हेक्झामीटर कसा वाचावा

लॅटिन वृत्तांकडे वळणाऱ्या मराठी वाचकाजवळ थोडे भांडवल आधीपासूनच असते, कारण शाळेत ‘यमाताराजभानसलगा’ घोकताना त्याने लघु-गुरू मोजलेले असतात आणि लॅटिन वृत्तही अक्षरांच्या लघु-गुरुत्वावरच उभे असते. आरंभ हेक्झामीटरने, म्हणजे सहा गणांच्या वृत्ताने करावा. रोमन कवी व्हर्जिलचे ‘एनीड’ हे महाकाव्य याच वृत्तात आहे. दीर्घ स्वरांवर आडवी रेघ दिलेली रोमन लिपीतील प्रत घ्यावी.

प्रथम शब्दांच्या सीमा विसरून अक्षरे पाडावीत. शब्दान्तीचे व्यंजन पुढच्या स्वराला जोडले जाते, म्हणून ‘प्रीमुस अब ओरीस’ हे प्री-मु-स-बो-रीस असे फोडावे. स्वर दीर्घ किंवा जोडस्वर असेल, अथवा अक्षर व्यंजनाने बंद होत असेल, तर ते गुरू, एरवी लघु. नियम ओळखीचा वाटतो, पण आपली सवय येथे नेमकी फसवते. मराठीत ‘ए’ आणि ‘ओ’ नेहमी गुरू असतात. लॅटिनमध्ये त्यांची ऱ्हस्व रूपेही आहेत. ‘क्व’ आपल्या डोळ्यांना जोडाक्षर दिसते, परंतु लॅटिनमध्ये ते एकच व्यंजन गणले जाते, त्यामुळे पाणी या अर्थाच्या ‘अक्व’ शब्दातील पहिले अक्षर लघुच राहते. ‘ह’ तर व्यंजन म्हणून मोजलाच जात नाही.

यानंतर लोप पाहावा. शब्दाच्या शेवटी स्वर, किंवा स्वर आणि ‘म’, असून पुढचा शब्द स्वराने अथवा ‘ह’ने सुरू होत असेल, तर आधीचे अक्षर गळते. ‘मुल्तुम इल्ले एत’ हे तीन शब्द मग ‘मुल्तिल्लेत’ असे तीनच अक्षरांचे होतात. नवशिक्यांची गणती बहुधा येथेच चुकते.

आता गण पाडावेत. ओळीत सहा गण असतात: पहिले चार प्रत्येकी भ-गण (गुरू-लघु-लघु) किंवा दोन गुरू, पाचवा बहुतेक वेळा भ-गण, आणि सहावा दोन अक्षरांचा, ज्यातील शेवटचे अक्षर लघु असले तरी चालते. म्हणजे प्रत्येक गण चार मात्रांचा; अक्षरगणवृत्तापेक्षा आपल्या मात्रावृत्ताला हे जवळचे आहे, फक्त गणाचा आरंभ लघूने कधीच होत नाही. गण पाडताना ओळीच्या शेवटाकडून यावे, कारण शेवटची पाच अक्षरे जवळजवळ ठरलेली असतात आणि ती बाजूला काढली की उरलेले चार गण सोपे जातात.

‘एनीड’ची पहिलीच ओळ घ्या: अर्-म-वि | रुम्-क्वे-क | नो-त्रोय् | याय-क्वी | प्री-मु-स | बो-रीस. अक्षरे पंधरा, आणि यती तिसऱ्या गणातील ‘नो’नंतर, म्हणजे ‘कनो’ हा शब्द संपतो तेथे. हे ‘क्वे’ लघु आहे. ‘रुम्’ मात्र ‘म’ने बंद झाल्यामुळे गुरू.

शेवटी ओळ मोठ्याने वाचावी. गणाच्या पहिल्या अक्षरावर ठेका धरला तरी शब्दाचा स्वतःचा आघात सोडू नये: ‘कनो’मध्ये आघात ‘क’वर आणि ठेका ‘नो’वर पडतो, तर ‘प्रीमुस’ आणि ‘ओरीस’ या शब्दांत दोन्ही एकाच अक्षरावर येतात. ओळीच्या मध्यात अशी ओढाताण आणि अखेरीस मेळ, ही व्हर्जिलच्या ओळींची नेहमीची चाल आहे.